विश्लेषण : व्होल्टेज घटले की मोटार का जळते? वायरचे गणित मांडणाऱ्या ओहम यांनी नोकरी का सोडली?

डीपीपासून दूर, लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पंपाला व्होल्टेज कमी मिळते. ओलिताच्या दिवसांत ही तक्रार यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या शिवारात काय किंवा इतर कुठल्या गावात काय, नवी नाही. वायर जितकी लांब तितका विजेला अडथळा जास्त, हे मोजून सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज सायमन ओहम. शालेय विज्ञानात त्यांचा नियम दोन ओळींत संपतो. त्या दोन ओळींसाठी त्यांनी काय मोजले, ते समजून घेऊया.

ओहम कोण होते?

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडवणारे कारागीर. ते स्वतः शाळेत फारसे शिकले नव्हते, पण वाचून वाचून त्यांनी गणित आणि विज्ञान आत्मसात केले आणि मुलांना घरीच शिकवले. सात भावंडांपैकी तिघेच जगले. ओहम दहा वर्षांचे असताना आई गेली.

१८०५ मध्ये ते एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले. मात्र अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच वेळ जाऊ लागला. वडिलांनी संतापून त्यांना स्वित्झर्लंडला धाडले. तिथे ते एका शाळेत गणित शिकवू लागले. पुढे परत येऊन १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत नोकरी लागली. तिथे पगारासोबत बरी प्रयोगशाळाही होती.

प्रयोग काय होता?

त्या काळी व्होल्टमीटर नव्हता, अॅम्पिअरमीटर नव्हता. बॅटरीचा दाबही स्थिर राहत नसे, त्यामुळे १८२५ मधील पहिली मोजमापे फसवी निघाली. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरण्याचा सल्ला दिला. तांबे आणि बिस्मथ यांचा एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की स्थिर दाब मिळतो. तारेजवळ टांगलेली चुंबकसुई किती वळते, यावरून ओहम करंट मोजत.

सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी एकेक करून जोडल्या. तार लांब होत गेली तसा करंट ठरावीक प्रमाणात घटत गेला. विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज, वाहणारी वीज म्हणजे करंट आणि तारेचा अडथळा म्हणजे रोध, या तिघांचे नाते हाती आले.

मग नोकरी का सोडली?

१८२६ मध्ये ओहम अर्ध्या पगारावर रजा घेऊन बर्लिनला गेले. १८२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. यामुळे विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण वीजशास्त्रात इतके गणित आणणे अनेक जर्मन विद्वानांना रुचले नाही. काहींनी दुर्लक्ष केले, काहींनी कठोर टीका केली. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. त्यानंतरची काही वर्षे बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्यांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत स्थिर नोकरी मिळाली.

हिशेब कसा करायचा?

व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो, एकक ओहम. व्होल्टेजला करंटने गुणले की शक्ती मिळते, एकक वॉट. समजा, २३० व्होल्टवर पाणी तापवण्याचा हीटर ४.३५ अॅम्पिअर करंट घेतो. त्याचा रोध सुमारे ५३ ओहम आणि शक्ती सुमारे १००० वॉट.

आता व्होल्टेज १८० वर आले, तर? रोध जवळपास तोच राहतो, करंट ३.४ अॅम्पिअरवर येतो आणि शक्ती उरते सुमारे ६१२ वॉट. व्होल्टेज २२ टक्के घटले, पण शक्ती तब्बल ३९ टक्के घटली. कारण एकाच वेळी व्होल्टेज आणि करंट दोन्ही कमी झाले.

मोटार का जळते?

मोटारीचे वागणे उलट असते. तिला तेवढेच पाणी उचलायचे असते, म्हणून व्होल्टेज घटले की ती जास्त करंट ओढते. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवले, की तारेतील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट २५ टक्के वाढला, तर वाइंडिंगमधील उष्णता सुमारे ५६ टक्के वाढते. इन्सुलेशन वितळते, मोटार जळते आणि ऐन ओलितात रिवाइंडिंगचा खर्च अंगावर पडतो.

जास्त करंटमुळे लाइनमध्येही जास्त व्होल्टेज पडते. समजा, पंपापर्यंतच्या केबलचा रोध १ ओहम आहे आणि करंट १५ अॅम्पिअर, तर १५ व्होल्ट केबलमध्येच जातात. केबलमधील तारेचे छेदक्षेत्रफळ दुप्पट केले, की हे नुकसान निम्म्यावर येते. केबल घेताना भावाआधी जाडी आणि लांबी पाहायची, ती यासाठी. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेही मोटारीच्या अॅम्पिअरनुसार लावलेला हवा, म्हणजे करंट वाढताच तो मोटार बंद करतो.

मान कधी मिळाला?

लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कोप्ली पदक दिले. ज्या विद्यापीठीय जागेची त्यांना तरुणपणापासून आस होती, ती १८५२ मध्ये म्युनिकला मिळाली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव मिळाले. आज वायरमनच्या मल्टिमीटरवरील घोड्याच्या नालेसारखी खूण त्याच एककाची आहे.