जिल्ह्याच्या संघटनेने घडविलेला दिल्लीतील नेता

रहिमतपूर - कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर ज्या सातारा लोकसभा मतदारसंघात मोडते, त्याचे प्रतिनिधित्व यशवंतराव चव्हाण यांनी १९६७ पासून अखेरपर्यंत केले. संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र खाती सांभाळणाऱ्या या नेत्याच्या दिल्लीतील अनेक निर्णयांमागे गावाकडील पक्षसंघटनेचा विचार होता.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे (आता सांगली जिल्हा) येथे जन्मलेले यशवंतराव स्वातंत्र्यचळवळीत जिल्हा काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून पुढे आले. १९५५ च्या अखेरीस त्यांनी फलटणच्या बैठकीत शंकरराव देव यांच्या नेतृत्वाशी फारकत घेतली, तेव्हा जिल्ह्यातील कार्यकर्तेच त्यांच्या पाठीशी होते. मात्र, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत साताऱ्याची लोकसभेची जागा क्रांतिसिंह नाना पाटील यांनी जिंकली. मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले. लोकमत दुरावले, की पक्षश्रेष्ठींचा आधार पुरत नाही, हा धडा त्या निवडणुकीने दिला. पुढे सहकारी साखर कारखाने आणि १९६२ मध्ये आलेल्या जिल्हा परिषदांमुळे गावोगावी कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली.

त्याच वर्षी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत गेले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवर त्यांनी इंदिरा गांधी यांच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांना पाठिंबा दिला. पण पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींसोबत राहिले. महाराष्ट्रातील संघटना बहुतांशी एकसंध राहिली. दिल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होते, ते या संघटनेमुळेच.

जानेवारी १९७८ च्या फुटीत मात्र ते इंदिराजींच्या विरोधात उभे राहिले आणि राज्यातील संघटनाही दुभंगली. १९७९ मध्ये उपपंतप्रधानपद मिळाले. पण पायाखालची जमीन सरकत होती. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षाला महाराष्ट्रात एकच जागा मिळाली, ती साताऱ्याची. मतदारसंघाने साथ सोडली नाही. राज्यातील सहकारी मात्र एकामागून एक इंदिरा काँग्रेसकडे वळले. अखेर यशवंतरावही स्वगृही परतले. १९८२ मध्ये ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. सत्तेच्या केंद्रस्थानी पुन्हा पोहोचू शकले नाहीत.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर झाले.