उकिचिरो नाकाया

उकिचिरो नाकाया (जन्म : कातायामाझू, ४ जुलै १९००, मृत्यू : ११ एप्रिल १९६२) हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ आणि लेखक होते. प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार करणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणून ते ओळखले जातात. जमिनीवर पडलेल्या हिमकणाच्या आकारावरून वरच्या ढगातील तापमान आणि बाष्प यांचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

जन्म आणि शिक्षण

नाकाया यांचा जन्म इशिकावा प्रांतात, जपानी समुद्रालगतच्या प्रदेशात झाला. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारी थंड, कोरडी हवा या समुद्रावरून जाताना ऊब आणि बाष्प घेते. त्यातून ढग बनतात, ते किनाऱ्यामागील डोंगरांना अडून वर चढतात आणि पश्चिम किनारपट्टीवर प्रचंड हिमवर्षाव होतो. त्याच काळात डोंगरांपलीकडे टोकियोच्या बाजूला हवा बहुधा कोरडी व आकाश निरभ्र असते.

टोकियो इम्पीरियल विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. भौतिकशास्त्रज्ञ आणि निबंधकार तोराहिको तेरादा हे त्यांचे गुरू होत. निसर्गातील नेहमीच्या घटनांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची सवय आणि ललित लेखनाची आवड हे दोन्ही त्यांना तेरादांकडून मिळाले. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ओवेन रिचर्डसन यांच्याकडे त्यांनी क्ष-किरणांवर संशोधन केले. १९३० मध्ये ते होक्काइदो इम्पीरियल विद्यापीठात रुजू झाले आणि १९३२ मध्ये प्राध्यापक झाले.

हिमस्फटिकांचे निरीक्षण

होक्काइदोतील नव्या विभागात साधने तुटपुंजी होती. हिम मात्र मुबलक होते. अमेरिकेतील विल्सन बेंटली यांचा हिमस्फटिकांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातून प्रेरणा घेऊन नाकायांनी सूक्ष्मदर्शकाखाली हिमकणांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. त्यासाठी ते साप्पोरोत आणि तोकाची पर्वतावर कडाक्याच्या थंडीत काम करीत. अशी सुमारे ३,००० छायाचित्रे त्यांनी जमवली.

बेंटली यांनी मुख्यतः सुबक, सममित स्फटिक निवडले होते. नाकायांनी सुया, स्तंभ, चकत्या, वेडेवाकडे स्फटिक आणि अतिशीत जलबिंदू चिकटून खडबडीत झालेले कण यांचीही तितक्याच काळजीने नोंद घेतली. निसर्गात सुबक षट्कोनी तारे अल्पसंख्य असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे त्यांनी हिमस्फटिकांचे ४१ प्रकार सांगितले.

कृत्रिम हिमस्फटिक

एकाच आकाशातून इतके वेगवेगळे आकार का पडतात, हे केवळ निरीक्षणाने कळणार नव्हते. त्यासाठी तापमान आणि बाष्प आपल्या हाती असणे आवश्यक होते. नाकायांनी विद्यापीठाच्या शीत प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांचे एक उपकरण उभारले. त्यात तळाचे पाणी किंचित तापवले की बाष्प वर चढे आणि थंड होऊन वर टांगलेल्या धाग्यावर गोठे. सुती व रेशमी धाग्यांवर मात्र सुटा स्फटिक न वाढता हिमाचा गचका थर साचत असे. अखेर सशाचा केस उपयोगी पडला. त्यावरील बारीक गाठींवर स्फटिक एकेकटे वाढू लागले. १२ मार्च १९३६ रोजी पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार झाला.

नाकाया आकृती

तापमान व बाष्पाचे प्रमाण बदलत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी एका आलेखात मांडले. हा आलेख ‘नाकाया आकृती’ या नावाने प्रसिद्ध आहे. सुमारे उणे ५ अंश सेल्सिअसला सुया वाढतात. सुमारे उणे १५ अंशांना भरपूर बाष्प असल्यास फांद्या फुटलेले तारे आणि बाष्प कमी असल्यास साध्या चकत्या बनतात. त्याहून पुष्कळ कमी तापमानाला स्तंभ आढळतात.

या माहितीमुळे हिमकण वाचता येऊ लागला. उदाहरणार्थ, काही स्तंभांच्या दोन्ही टोकांना चकत्या असतात. जपानीत या आकाराला त्सुझुमी या वाद्याचे नाव आहे. असा कण ढगाच्या अतिथंड भागात स्तंभ म्हणून जन्मला आणि खाली येताना उणे १५ अंशांच्या आसपासच्या थरातून गेला, असे अनुमान काढता येते. म्हणूनच नाकाया हिमकणाला आकाशातून आलेल्या पत्राची उपमा देत. वरच्या हवेत उपकरणे पाठवणे खर्चाचे आणि अवघड असलेल्या काळात या पद्धतीला विशेष मोल होते. पुढे तेइसाकु कोबायाशी व इतर संशोधकांनी या आकृतीत सुधारणा केल्या.

इतर संशोधन

रेल्वेमार्गाखालील जमीन गोठून फुगण्याच्या समस्येचा त्यांनी अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निसेको येथील पर्वतशिखरावर विमानांवर बर्फ साचण्याबाबतचे संशोधन त्यांच्या मार्गदर्शनाखाली चालले. युद्धानंतर डोंगरांवर साठलेल्या हिमातून किती पाणी मिळेल, याच्या मोजणीकडे ते वळले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ग्रीनलंडच्या हिमस्तरावर काम केले.

लेखन

१९३६ नंतर आजारपणामुळे त्यांना काही काळ विश्रांती घ्यावी लागली. या काळात त्यांनी बरेच निबंध लिहिले. सामान्य वाचकांसाठी लिहिलेले ‘युकी’ (हिम) हे पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमाचे सौंदर्य वर्णन करण्यापूर्वी हिमप्रदेशातील लोकांचे कष्ट त्यांनी त्यात मांडले आहेत. त्यांच्या संशोधनाचा सविस्तर इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रकाशित केला.

सन्मान आणि स्मृती

१९४१ मध्ये त्यांना जपान अकादमी पुरस्कार मिळाला. अंटार्क्टिकातील नाकाया बेटे आणि १०१५२ उकिचिरो हा लघुग्रह यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जन्मगावी, आजच्या कागा शहरात, १९९४ मध्ये त्यांच्या नावाचे हिमविज्ञान संग्रहालय सुरू झाले. पहिला कृत्रिम हिमस्फटिक जेथे तयार झाला, त्या जागी होक्काइदो विद्यापीठात षट्कोनी स्मारकशिला आहे. धुक्याच्या शिल्पांसाठी ख्यातनाम असलेल्या कलावंत फुजिको नाकाया या त्यांच्या कन्या होत.