सर अर्नेस्ट शॅकल्टन आणि साडेबावीस फुटी होडी

दक्षिण ध्रुवाच्या इतिहासात अमुंडसेन आणि स्कॉट यांची नावे शाळकरी मुलांनाही परिचित असतात. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांना ध्रुव गाठता आला नाही आणि अंटार्क्टिक खंड ओलांडण्याचा त्यांचा संकल्पही सिद्धीस गेला नाही. तरीही सागरप्रवासाच्या इतिहासात त्यांच्या नावाला जे स्थान आहे ते एका लहानशा होडीने मिळवून दिले आहे. त्या होडीची सिद्धता कशी झाली आणि तिच्यासाठी माणसे कशी निवडली गेली, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग मला वाटतो.

शॅकल्टन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु लंडनच्या डलिच कॉलेजातील शिक्षण आटोपून हा मुलगा सोळाव्या वर्षीच व्यापारी जहाजावर चढला आणि १८९८ साली जहाजाच्या कप्तानपदाची परीक्षा उत्तीर्ण झाला. १९०१ साली तो स्कॉटसमवेत दक्षिणेकडे गेला व आजारी पडून परतला. पुढे स्वतःच्या नेतृत्वाखालील मोहिमेत ९ जानेवारी १९०९ रोजी ध्रुव अवघा ९७ सागरी मैल उरला असता, अन्न पुरणार नाही हे ओळखून शॅकल्टन यांनी माघार घेतली. सोबत्यांचे प्राण त्यांनी कीर्तीहून मोलाचे मानले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये 'एन्ड्युरन्स' हे जहाज इंग्लंडहून निघाले. १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्रातील बर्फाने त्यास घेरले, दहा महिने आवळून धरले आणि अखेर चिरडले. २१ नोव्हेंबर १९१५ रोजी जहाज बुडाले. अठ्ठावीस माणसे तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली आणि एप्रिल १९१६ मध्ये तीन होड्यांतून एलिफंट बेटास लागली. कित्येक महिन्यांनी पायांखाली घट्ट जमीन आली. परंतु ते बेट निर्जन होते आणि त्या बाजूने एकही जहाज जात नसे. कोणी शोधत येईल ही आशा व्यर्थ होती. मदत आणावयाची तर स्वतःच जावे लागणार होते.

जावे कोठे? केप हॉर्नकडील भूमी अंतराने जवळ. पण तेथील वारे व प्रवाह अहोरात्र पश्चिमेकडून येणारे, म्हणजे सर्वस्वी विरुद्ध. दक्षिण जॉर्जिया बेट सुमारे ८०० सागरी मैल दूर होते. तेथे देवमासे पकडणाऱ्यांची ठाणी होती आणि वारा पाठीशी राहणार होता. शॅकल्टन यांनी दूरचे ठिकाण निवडले.

तीन होड्यांपैकी 'जेम्स केअर्ड' ही सर्वांत दणकट. लांबी साडेबावीस फूट. डंडी येथील ज्या ज्यूट गिरणीमालकाने मोहिमेस देणगी दिली होती त्याचे नाव तिला दिले होते. डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत, तेव्हा त्या होडीत आपल्या देशातील शेतकऱ्याच्या घामाचाही काही अंश होता असे म्हणावयास हरकत नसावी!

होडी उघडी होती. दक्षिण महासागराच्या लाटांनी ती घटकाभरात भरली असती. जहाजाचा सुतार हॅरी मॅकनीश याने बर्फावर असतानाच मोडक्या जहाजाच्या फळ्या लावून तिच्या कडा उंच केल्या होत्या. फळ्यांच्या सांधी बुजवण्यास डांबर नव्हते, म्हणून दिव्याच्या वाती, चित्रकाराचे तैलरंग आणि सील माशाचे रक्त वापरले गेले. आता बेटावर त्याने बर्फगाड्यांच्या धावा आणि खोक्यांची झाकणे जोडून वर सांगाडा उभारला आणि त्यावर कॅनव्हास ताणले. ते कॅनव्हास गोठून पत्र्यासारखे झाले होते. चरबीच्या चुलीवर वीत वीत ऊबवून ते शिवावे लागले आणि सुई पकडीने ओढून काढावी लागली. उंच लाटेवर होडीचा कणा मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून तळाशी घट्ट बांधली. तळात सुमारे एक टन दगडगोटे भरले. कप्तान वर्स्ली यास हा भार अधिक वाटत होता, परंतु हलकी होडी उलटेल या भीतीने शॅकल्टन यांनी तो कमी केला नाही. पाण्याची दोन पिंपे घेतली. स्वयंपाकास प्रायमस होता. आपल्या घरोघरी एके काळी जो पितळी स्टोव्ह भरभरत असे त्याच जातीचा. शिधा मात्र सहा माणसांना चार आठवडे पुरेल एवढाच घेतला. तेवढ्या अवधीत किनारा न लागला तर होडी बुडालेली असणार, मग मागे राहणाऱ्यांच्या तोंडचा घास कशाला न्यावा, असा त्यामागील हिशेब होता.

माणसांची निवड याहून सूक्ष्म होती. सूर्य क्षणभर दिसताच स्थान काढू शकणारा न्यूझीलंडचा वर्स्ली हवाच होता. आयरिश क्रीन कणखर व विश्वासू, मॅकार्थी सदा हसतमुख. उरलेले दोघे मॅकनीश आणि व्हिन्सेंट. मॅकनीश कुशल खरा, पण तोंडाने फटकळ. जहाज बुडाले म्हणजे करार संपला असे सांगून त्याने बर्फावर हुकूम मानण्याचे नाकारले होते. व्हिन्सेंट अंगाने बलदंड आणि दांडगाईसाठी कुप्रसिद्ध. असे दोघे बेटावर राहिले तर निराश माणसांत कलह माजेल हे ओळखून शॅकल्टन यांनी त्यांना स्वतःच्या नजरेखाली घेतले. मागे राहणाऱ्या बावीसजणांचा भार फ्रँक वाइल्ड या जुन्या सोबत्यावर सोपवला. आम्हा सरकारी नोकरांच्या कचेऱ्यांत त्रासदायक माणसाची दूर बदली करण्याची रीत आहे. अशा माणसाला आपल्याच होडीत बसवून घेणारा अधिकारी विरळा.

२४ एप्रिल १९१६ रोजी होडी निघाली. पाण्यात लोटतानाच ती कलंडली, सुतार व व्हिन्सेंट समुद्रात पडले आणि एका पिंपात खारे पाणी शिरले. पुढे वर्स्ली यास सूर्य जेमतेम चार वेळा दिसला. कॅनव्हासवर बर्फाचे थर चढत आणि ते कुऱ्हाडीने फोडून काढावे लागत. तरी सुताराचे काम टिकले. १० मे रोजी ते दक्षिण जॉर्जियाच्या निर्जन किनाऱ्यास लागले. ठाणी बेटाच्या दुसऱ्या अंगाला होती. होडीतील स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांना ठोकले, सुताराची वाकस बर्फ तोडण्यास घेतली आणि शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन यांनी छत्तीस तासांत डोंगर ओलांडले. त्यानंतर तीन जहाजे बर्फामुळे परत फिरली; चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट रोजी, चिलीच्या 'येल्चो' या बोटीने बावीसही जणांना सुखरूप आणले. मोहिमेच्या दुसऱ्या बाजूच्या तुकडीतील तिघे मात्र दगावले होते. ते विसरता येत नाही.

पुढे ध्रुवपदकांची यादी झाली तेव्हा शॅकल्टन यांनी चौघांना वगळले. त्यांत व्हिन्सेंट होता आणि मॅकनीशही. बर्फावरील अवज्ञा गंभीर होती, हे मान्य करावेच लागेल. परंतु ज्याच्या हातच्या फळ्यांवर अठ्ठावीस प्राण तरले त्याच्या नावावर रेघ मारताना या उदार पुरुषाचे मन कोते झाले, असे मला स्पष्ट वाटते. मोहिमेतील डॉक्टर मॅकलिन यांनाही तो अन्यायच वाटला.

शॅकल्टन पुन्हा दक्षिणेस निघाले असता ५ जानेवारी १९२२ रोजी दक्षिण जॉर्जियात हृदयविकाराने वारले. पत्नीच्या इच्छेनुसार त्यांना तेथेच मूठमाती दिली. 'जेम्स केअर्ड' त्यांच्या डलिच कॉलेजात जपलेली आहे. 'एन्ड्युरन्स'चे अवशेष मार्च २०२२ मध्ये सुमारे ३००० मीटर खोलीवर सापडले. मॅकनीश १९३० साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे दारिद्र्यात मरण पावला. त्याची आवडती मांजर जहाज सोडताना शॅकल्टन यांच्या आज्ञेने मारली गेली होती, त्याचे शल्य त्याच्या मनातून गेले नव्हते. २००४ साली त्याच्या थडग्यावर त्या मांजरीची काशाची मूर्ती बसवण्यात आली.