बाबा आमटे : बसता येत नव्हतं, पण थांबले नाहीत



बाबा आमटे म्हटलं की मुलं लगेच आनंदवन सांगतात, कुष्ठरोग्यांची सेवा सांगतात. ते बरोबरच आहे. पण बाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट पाठात बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते, ती म्हणजे त्यांची पाठ. आज त्यांचं चरित्र त्या बाजूने पाहू.

बालपण व शिक्षण

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदाराचं, त्यामुळे कशाचीच कमी नव्हती. शिकारीचा नाद, मोटारीची हौस आणि सिनेमाचं वेड होतं. 'बाबा' हे घरातलं लाडाचं नाव, तेच पुढे सगळ्या देशाचं झालं. नागपूरला कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४६ मध्ये साधनाताईंशी त्यांचं लग्न झालं.

आनंदवनाची सुरुवात

वरोऱ्यात असताना बाबांनी सफाई कामगारांचं मैला वाहण्याचं काम स्वतः केलं. त्याच काळात गटाराजवळ पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. आयुष्यात कशाला न घाबरलेला हा माणूस त्याला पाहून घाबरला. ती भीती त्यांना स्वस्थ बसू देईना. मग त्यांनी कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झालं. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये! जमीन मिळाली तीही खडकाळ. आपल्या माणदेशातल्या माणसाला असल्या माळावर विहीर खोदणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पहिली कामं सगळी हातानेच झाली. बाबा स्वतः कुदळ-फावडं घेऊन उभे असायचे.

पाठीचं दुखणं

याच कष्टाळू शरीराला पुढे मणक्यांच्या झिजेने गाठलं. आपल्या पाठीच्या कण्यात एकावर एक मणके असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ चकत्या. त्या झिजल्या, नसा दाबल्या गेल्या की असह्य वेदना होतात. बाबांचा आजार वाढतच गेला. शस्त्रक्रिया झाल्या, तरी दुखणं कायमचं गेलं नाही. शेवटी अशी वेळ आली की त्यांना बसताच येईना. एकतर उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं पडायचं.

जरा विचार करा. आपलं सगळं जग बसण्यावर उभं आहे. जेवण, सभा, प्रवास, ऑफिस, शाळा, सगळीकडे आधी 'बसा' म्हणतात. ज्याला बसताच येत नाही, त्याने काय करायचं?

बाबांनी काम सोडलं नाही, कामाची रीत बदलली. भेटायला आलेल्यांशी ते खाटेवर पडून बोलत. बोलणं उभ्याने, नाहीतर पडून. प्रवास करायचा तर गाडीतच झोपायची सोय.

भारत जोडो

डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि त्यांच्यासोबत गाडीतल्या खाटेवर आडवे पडलेले बाबा. निघाल्यावर दोनच दिवसांनी त्यांना ७१ वर्षं पूर्ण झाली. तिथून थेट काश्मीर! पुढे १९८८ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे, अरुणाचल ते गुजरात, अशी दुसरी यात्राही त्यांनी काढली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला. तिथे ते सुमारे दशकभर राहिले. मॅगसेसे, पद्मविभूषण, गांधी शांतता पुरस्कार असे मोठे सन्मान त्यांना मिळाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट लक्षात घ्या. आनंदवनात बाबांनी बोटं झडलेल्या माणसांना घरी बसवलं नाही. हाताला जमेल तसं काम शोधलं. शेती, विणकाम, सुतारकाम त्यांच्याकडून उभं राहिलं. तोच नियम त्यांनी पुढे स्वतःच्या पाठीला लावला.

आपल्या वर्गासाठी

बाबांचा आजार झिजेचा होता. मुलांमध्ये वेगळा प्रकार दिसतो, कणा एका बाजूला वाकण्याचा, म्हणजे स्कोलिओसिस. तो बऱ्याचदा वाढीच्या वयात, दहा वर्षांच्या पुढे लक्षात येतो. एक खांदा वर दिसणं, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच येणं, ही त्याची खूण. असं दिसलं तर पालकांना शांतपणे सांगा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडं बसल्याने हे झालं, असा दोष मुलाला देऊ नका. बहुतेक मुलांत याचं कारण सापडतच नाही.

काहींना पट्टा लागतो. वाक जास्त असेल तर सळ्या व स्क्रू बसवून काही मणके कायमचे जोडतात. तेवढा भाग वाकत नाही, पण जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की चालणं, पोहणं, बरेचसे खेळ पुन्हा करता येतात.

अशा मुलाला आपण काळजीपोटी खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसवतो. हेतू चांगला असतो, पण मूल त्यातून आपल्याला जमत नाही एवढंच शिकतं. त्यापेक्षा डॉक्टरांना काय चालेल ते विचारा. वर्गात मधूनमधून उभं राहू द्या, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवा, खेळात जमेल ती जागा द्या. बाबांचा पाठ शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.