काठीचा आवाज

थर्ड इयरला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून अंध व्यक्तींसाठी काठी बनवली. अल्ट्रासोनिक सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि बझर. समोर काही आलं की बझर वाजतो. मार्कही चांगले पडले. मग हॉस्टेलजवळ राहणाऱ्या एका अंध काकांना ती वापरायला दिली, तर दहा मिनिटांत परत! बझरमुळे त्यांना बाकी काही ऐकूच येईना. मला आधी रागच आला. काका नेमकं काय ऐकत होते, हे मला जेम्स होलमनबद्दल वाचल्यावर कळलं.

होलमन १७८६ साली इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मला. बाराव्या वर्षी नौदलात गेला, पुढे लेफ्टनंट झाला. जहाजावरच्या थंडीवाऱ्यात सांधे धरले आणि पंचविशीत दोन्ही डोळे गेले. आपल्या भाषेत, करिअर संपलं. विंडसरला त्याच्यासारख्या नौदल अधिकाऱ्यांची सोय होती, तिथे त्याला जागा मिळाली. बदल्यात रोज चर्चमध्ये हजेरी. (आपलं ७५ टक्के अटेंडन्स परवडलं म्हणायचं!) तिथे त्याचा जीव रमेना, तब्येतही बिघडायची. हवापालट म्हणून १८१९ मध्ये तो एकटाच फ्रान्सला निघाला.

पांढरी काठी आली विसाव्या शतकात. होलमनकडे होती साधी फिरायची काठी, खाली धातूचं टोक असलेली. ते टोक जमिनीवर आपटलं की भिंतीपाशी आवाज वेगळा यायचा, मोकळ्या जागी वेगळा. वटवाघूळ दुसरं काय करतं? आमच्या सेन्सरचंही तत्त्व हेच, आवाज पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पण सेन्सर फक्त अंतर सांगतो. समोर भिंत आहे की उघडं दार, हे होलमनचे कान सांगायचे.

घोडागाडीत बसून कंटाळला की हा गाडीला दोरी बांधायचा आणि ती धरून पायी चालायचा! इटलीत धुमसत्या व्हेसुव्हियसवर चढला. १८२२ मध्ये रशियामार्गे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि पार सायबेरियातल्या इर्कुत्स्कपर्यंत पोचला. तिथे झारच्या माणसांना तो हेर वाटला. त्यांनी त्याला उलट आणून पोलंडच्या सीमेवर सोडलं. गडी १८२७ मध्ये पुन्हा निघाला, आणि १८३२ पर्यंत आफ्रिका, ब्राझील, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया करून आला.

पुस्तकंही स्वतः लिहिली, नॉक्टोग्राफवर. म्हणजे आडव्या तारा लावलेली चौकट आणि खाली कार्बन कागद, तारेच्या आधाराने ओळ सरळ जाते. डार्विननेही त्याच्या पुस्तकाचा आधार घेतला आहे. तरी टीकाकारांचा प्रश्न एकच, न बघणाऱ्याने प्रवासवर्णन लिहायचं कसं? हळूहळू लोक त्याला विसरले. १८५७ मध्ये तो लंडनला वारला. आत्मचरित्र लिहून झालं होतं, पण ते छापलं गेलं नाही आणि हस्तलिखितही हरवलं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

आम्ही बझर काढला आणि मुठीत व्हायब्रेशन मोटर बसवली. काठीच्या टोकाचं रबर काढून लोखंडी टोपण लावलं. काकांनी या वेळी काठी ठेवून घेतली आहे. गेटसमोरचा खड्डा मात्र सेन्सरला अजून दिसत नाही, तो काका टोकाने चाचपूनच ओलांडतात.