तारायंत्राचे उद्योजक वर्नर सीमेन्स

शोध लावणें ही एक गोष्ट, आणि त्या शोधावर कारखाना उभारून तो टिकविणें ही दुसरी. या दोन्ही ज्यांस साधल्या अशा पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

वर्नर सीमेन्स यांचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजीं हानोव्हरजवळील लेन्थे गांवीं एका खंडकरी शेतकऱ्याच्या घरीं झाला. भावंडें पुष्कळ, पैसा थोडा. म्हणून शास्त्रशिक्षणाच्या ओढीनें ते प्रशियाच्या तोफखान्यांत दाखल झाले. पुढें लवकरच आईबाप निवर्तले व धाकट्या भावांचा भार त्यांच्यावर पडला.

१८४७ सालीं हाल्स्के नांवाच्या कुशल कारागिराशीं भागी करून त्यांनीं बर्लिनमध्यें तारायंत्राचा लहानसा कारखाना काढला. भांडवल एका चुलतभावानें पुरविलें. गटापर्चाचें वेष्टण दिलेली तार जमिनींतून नेण्याची त्यांची युक्ति सफल झाली. मार्च १८४९ मध्यें फ्रांकफुर्ट येथील सम्राटाच्या निवडीची वार्ता तासाच्या आंत बर्लिनला पोंचली आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें.

परंतु पुढें तारा बिघडूं लागल्या. त्या घाईनें व उथळ पुरलेल्या असून त्यांना संरक्षक कवच नव्हतें. सीमेन्स यांनीं अपयशाचीं कारणें १८५१ मध्यें पुस्तिकेंत उघड मांडलीं. तें सरकारी तारखात्यास रुचलें नाहीं. मागण्या बंद झाल्या. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला कारखाना बुडण्याची वेळ आली!

तथापि ते खचले नाहींत. भाऊ विल्यम लंडनमध्यें व कार्ल सेंट पीटर्सबर्गमध्यें काम पाहूं लागले. रशियाच्या विस्तीर्ण तारमार्गांनीं कारखाना तारला. व्याप वाढला तसे जोखमीचे व्यवहारही वाढले. ते न मानवल्यामुळें १८६७ च्या अखेरीस हाल्स्के बाहेर पडले, पण स्नेह तुटला नाहीं.

१८६६ मध्यें सीमेन्स यांनीं डायनामोचें तत्त्व सिद्ध केलें. १८७० मध्यें लंडनहून तेहरानपर्यंत नेलेली त्यांची तार हिंदुस्थानच्या तारांस मिळाली, आणि लंडनचा निरोप २८ मिनिटांत कलकत्त्यास आला. १८७२ मध्यें त्यांनीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि स्थापिला; १८७९ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत विजेची आगगाडी चालविली. ६ डिसेंबर १८९२ रोजीं ते कैलासवासी झाले.

विद्यार्थिमित्रहो, त्यांचें यश आम्हांस सर्वांत मोठें वाटतें तें डायनामोंत नव्हे. पुरलेल्या तारेचा दोष झांकून ठेवणें सोपें होतें. त्यांनीं तो उकरून जगापुढें ठेवला, आणि त्याची किंमतही मोजली.