वालचंद हिराचंद : सोलापूरचा जिद्दी उद्योगपती

अणुवीज केंद्राच्या अंतर्भागात एक साधी वाटणारी वस्तू असते, ती म्हणजे पाण्याची गाळणी. शीतकरणाची मोठी नळी फुटल्यास वेगाने उसळणारे पाणी आणि वाफ आजूबाजूच्या नळ्यांवरील उष्णतारोधक आवरण ओरबाडून काढतात. त्याचे तंतू, रंगाचे पापुद्रे आणि धूळ इमारतीच्या तळातील कुंडात वाहून येतात. त्याच कुंडातील पाणी पंपांनी खेचून पुन्हा अणुभट्टीकडे न्यावयाचे असते. गाळणी तुंबली तर पंपांना पाणी मिळणार नाही आणि अणुभट्टीतील तप्त इंधन थंड ठेवता येणार नाही. 1992 मध्ये स्वीडनमधील बार्सेबेक केंद्रात अपेक्षेपेक्षा फार लवकर गाळण्या तुंबल्या आणि जगभर त्यांच्या चाचण्या नव्याने सुरू झाल्या.

भारतातील अणुवीज केंद्रांच्या अशा अवाढव्य इमारती उभारणारी एक प्रमुख कंपनी म्हणजे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. राजस्थानातील रावतभाटा आणि तामिळनाडूतील कुडनकुलम येथील कामे तिच्या नावावर आहेत. अणुभट्टीचे कॅलेंड्रिया आणि एंड शील्ड यांसारखे अवजड भाग इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडले. या दोन्ही उद्योगांचे मूळ एकाच व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती म्हणजे सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. गुजरातमधून येऊन सोलापुरात स्थिरावलेले हे जैन व्यापारी कुटुंब सावकारी आणि कापसाच्या व्यवहारात होते. मातृछत्र जन्मानंतर लवकरच हरपले. मुंबई आणि पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेतले तरी ते पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. घरच्या पेढीत मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी परिसरातील मार्गाचे कंत्राट घेतले. सोलापूरजवळच्या या छोट्या कामातूनच पुढचा विराट व्याप उभा राहिला. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन स्थापन झाली आणि बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांच्या कामाने तिचा लौकिक वाढला.

पहिले महायुद्ध संपताच त्यांनी समुद्राकडे दृष्टी वळविली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून ‘लॉयल्टी’ ही जुनी बोट घेऊन नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया कंपनी उभारली. 5 एप्रिल 1919 रोजी ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाची कोंडी केली. 1923 मध्ये तडजोड करावी लागली आणि सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहणे भाग पडले. स्वतःच्या बोटी असूनही स्वतःच्या समुद्रात परवानगीने वावरावे लागते, हा अनुभव ते कधी विसरले नाहीत.

बोटी विकत घेऊन भागणार नाही, त्या येथेच बांधल्या पाहिजेत, हा निष्कर्ष त्यातूनच आला. 1941 मध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम रखडले. तरीही 14 मार्च 1948 रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली. जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने त्यांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. मोटारींसाठी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. 1934 मध्ये सुरू झालेल्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले आणि पुढे तेथे अवजड यंत्रेही घडू लागली.

यशाची ही यादी जितकी मोठी, तितकीच हातून निसटलेल्या गोष्टींची. विमानांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्येच सरकारकडे गेला. जहाजबांधणीचा कारखानाही 1952 मध्ये सरकारच्या नियंत्रणाखाली आला. 1949 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले आणि कारभारातून निवृत्त व्हावे लागले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला 1969 मध्ये सुरू झाले. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

वालचंद यांच्या उद्योगांची कसोटी प्रत्यक्ष व्यवहारातच लागली. बोट समुद्रात गेल्यावरच तिची ताकद कळली, भाडी पडल्यावरच कंपनीची चिकाटी दिसली. चुकले तर तोटा सोसून पुन्हा उभे राहण्याची मुभा त्यांना होती. अणुवीज केंद्रातील गाळणीला अशी मुभा नसते. खऱ्या अपघातात तिची परीक्षा घेता येत नाही. म्हणून पाण्याच्या टाकीत तिची प्रतिकृती बसवितात. मोजून घेतलेले तंतू आणि बारीक भुकटी पाण्यात सोडतात आणि गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक तपासतात. नुसत्या तंतूंपेक्षा त्यांत अडकलेली भुकटी अधिक घातक ठरते, कारण दोहोंचा पातळ थरही पाण्याची वाट अडवू शकतो.

यंत्र देशातच घडावे, एवढ्यावर वालचंदांच्या स्वप्नाची सांगता होत नाही. ते खात्रीचे आहे, हे सिद्ध करण्याचे सामर्थ्यही देशात असावे लागते. परक्याच्या दाखल्यावर विसंबणाऱ्याला परक्याच्या परवानगीवर जगावे लागते, हे सिंदियाच्या बोटींनी एकदा दाखवून दिले आहे. येडशीच्या रुळांपासून निघालेली वाट कुडनकुलमच्या घुमटापर्यंत पोहोचली. त्या घुमटाखालील लहानशी गाळणीही त्याच कसोटीवर उतरावी लागते.